ट्रॅक कुणासाठी थांबत नाही

मंचावर चारच वादक दिसतात, पण गाण्यात व्हायोलिनांचा ताफा ऐकू येतो. तो बहुधा लॅपटॉपमधून आलेला असतो. आधी रेकॉर्ड केलेल्या या साथीला बॅकिंग ट्रॅक म्हणतात. साथीचा माणूस गायकाचा श्वास ओळखून क्षणभर थांबतो, ट्रॅक थांबत नाही. म्हणून पुढची मात्रा कुठे पडणार हे ड्रमरला आधीच कळावं लागतं. त्यासाठी त्याच्या कानात क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टकटक, वाजत असते.

सर्वांत स्वस्त रचना अशी: स्टिरिओ फाइलच्या डाव्या बाजूला फक्त क्लिक, उजव्या बाजूला सगळी साथ मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीत मिसळलेली. वाय केबलने, म्हणजे एका टोकाची दोन टोकं करणाऱ्या केबलने, डावी बाजू ड्रमरच्या हेडफोन अँपला आणि उजवी डीआय बॉक्समधून (लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) मिक्सरला द्यायची. चार्जर लावल्यावर घुंऽऽ आवाज आला, तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी जमिनीला जोडली गेल्याने येणारी घरघर. डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबून पाहावं. टोकं उलटी लागली, तर सगळ्या सभागृहाला टकटक ऐकू येते. म्हणून केबलला रंगीत टेप हवीच. स्टिरिओ साथ मोनो करताना पसरट कीबोर्डचे सूर फेज उलटल्यामुळे, म्हणजे एका बाजूच्या लहरी दुसरीच्या नेमक्या उलट झाल्यामुळे, एकमेकांना खाऊन टाकू शकतात. त्यामुळे मोनो फाइल आधी ऐकून घ्यावी.

क्लिक कानातच का? आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 10 मीटरवरच्या स्पीकरचा आवाज 29 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत मात्रेचा पाव भाग 125 मिलिसेकंदांचा असतो. त्यातले 29 गेले की ठेका ढिला पडतो. ब्लूटूथ इअरफोन तर सहज 100 ते 200 मिलिसेकंद मागे राहतात, त्यांचा विषयच नको.

ड्रम जोरात वाजले की ड्रमर क्लिक वाढवतो. त्याने कानाला इजा होऊ शकते, शिवाय शांत जागी टकटक जवळच्या माइकमध्ये शिरते. कान नीट बंद करणारे इअरफोन आणि आखूड, तीव्र क्लिक वापरली तर आवाज कमी ठेवता येतो. सुरुवातीला दोन आवर्तनं मोजणी द्यावी. शेवटचा सूर लांबतो तिथे क्लिक फाइलमध्येच कापून टाकावी.

फाइलमध्ये आवाजाचे सेकंदाला किती नमुने आहेत, हा तिचा दर. 44.1 किलोहर्ट्झ दराची फाइल रूपांतर न होता 48 वर वाजली, तर गाणं सुमारे 9 टक्के जलद होतं आणि जवळजवळ दीड अर्धस्वर चढतं. अशा वेळी दोष मात्र गायकावर येतो! सगळ्या फाइली एकाच दराच्या आणि वेव्ह (WAV) प्रकारच्या असाव्यात. क्लिक आणि साथ दोन वेगळ्या यंत्रांवरून तर कधीच वाजवू नयेत. त्यांच्या घड्याळांत दशलक्षात 50 भागांचा फरक असला, तरी 5 मिनिटांत 15 मिलिसेकंदांचं अंतर पडतं.

लॅपटॉपचा बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवलेला आवाजाचा तुकडा, मात्र खुशाल 1024 नमुन्यांचा ठेवावा. 48 किलोहर्ट्झला तो 21 मिलिसेकंदांचा उशीर करतो, पण क्लिक आणि साथ दोन्ही सारखीच उशिरा येतात, म्हणून बिघडत काहीच नाही. लहान बफरवर उलट कडकड होते. वायफाय, सूचना आणि स्लीप बंद ठेवावेत.

एवढं करूनही एखादी मात्रा हुकतेच. तेव्हा ट्रॅकच्या मागे धावू नये. ध्वनी सांभाळणाऱ्याने ट्रॅकचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली घ्यावा आणि वादकांनी पुढे जावं. हे जमायचं, तर ठेका आणि बेस ट्रॅकमध्ये टाकू नयेत. ज्यांच्याशिवाय गाणं उभं राहतं, तेवढीच वाद्यं तिथे असावीत.