नऊजणींच्या सात झाल्या : केप्लर आणि मुदतीच्या गटांची पार्श्वभूमी

मे २०२४ च्या अखेरीस केप्लर या कोरियन पॉप गाणाऱ्या मुलींच्या गटाच्या व्यवस्थापनाने एक निवेदन काढले. गटाची अडीच वर्षांची मुदत जुलैमध्ये संपत असली तरी गट पुढे चालू राहील, मात्र नऊऐवजी सात सदस्यांसह, असा त्याचा आशय होता. एकाच निवेदनात दोन बातम्या होत्या आणि चाहत्यांना त्या एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या नाहीत. गट मोडणार या धास्तीने महिनोन्‌महिने तर्क लढवणाऱ्यांना गट वाचल्याचा आनंद झाला खरा, पण दोघी जाणार हे त्याच परिच्छेदात वाचावे लागल्यामुळे तो उघडपणे व्यक्त करावा की नाही, हा संकोच त्यांना पडला. तो का पडला हे समजून घ्यायचे, तर मुदतीचे गट मुळात कसे बांधले जातात ते पाहिले पाहिजे.

सदस्य गेले तरी गट चालू राहिल्याची उदाहरणे कोरियात जुनी आहेत. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू या पाच जणांच्या गटातले तिघे दीर्घ मुदतीच्या कराराविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये उरलेल्या दोघांनी त्याच नावाने पुन्हा गायला सुरुवात केली. त्याच २००९ साली तिथल्या स्पर्धा-नियामक यंत्रणेने नमुना करार आणून करारांवर सात वर्षांची मर्यादा घातली. मात्र त्या सर्व गटांत मालक एकच होता आणि भांडण झाले तरी ते एका छपराखालचे होते. मुदतीच्या गटाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे सरकारी नोकरीत ज्याला प्रतिनियुक्ती म्हणतात, त्याच्याशी ती बरीच जुळते. प्रत्येक सदस्याची मूळ एजन्सी निराळी असते, ती आपली ट्रेनी, म्हणजे प्रशिक्षण घेणारी उमेदवार, ठरावीक काळासाठी सामाईक गटाला देते आणि मुदत संपली की ती मूळ खात्यात परत जाणार, हे सर्वांनी आधीच मान्य केलेले असते. मुदत वाढवायची तर एकट्या गटाने ठरवून भागत नाही. जितक्या मूळ एजन्सी, तितक्या स्वतंत्र वाटाघाटी कराव्या लागतात आणि त्यांतली एक फिसकटली तरी आकडा बदलतो.

२०१६ च्या ‘प्रोड्यूस १०१’ या प्रेक्षकांच्या मतांवर गट निवडणाऱ्या टीव्ही स्पर्धेतून निघालेल्या आय.ओ.आय. या अकराजणींच्या गटात हे वर्ष उलटण्याआधीच दिसले. गटाचे आयुष्यच मुळी वर्षभराहून कमी होते, तरी त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये आलेले गाणे सात जणींनीच गायले, कारण उरलेल्या चौघी आपापल्या एजन्सींच्या गटांत गुंतल्या होत्या. पुढे २०१९ मध्ये याच गटाला अकरांपैकी नऊ जणींसह पुन्हा एकत्र आणण्याची घोषणा झाली, ती आधी लांबली आणि मग बारगळली. दुसऱ्या पर्वातल्या वॉना वनने ऑगस्ट २०१७ मध्ये सोलच्या गोचॉक स्काय डोममध्ये पदार्पण केले. कराराची मुदत डिसेंबर २०१८ अखेर संपली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच डोममध्ये चार दिवस कार्यक्रम करून गटाने निरोप घेतला. इथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. वॉना वनमध्ये निवडला गेलेला एक सदस्य मूळचा न्यूईस्ट या गटातला होता. तो तिकडे असेपर्यंत उरलेल्या चौघांनी ‘न्यूईस्ट डब्ल्यू’ या नावाने गाणी काढली आणि त्या जोडलेल्या अक्षराचा अर्थ ‘वाट पाहणे’ असा सांगितला गेला. म्हणजे उसना दिलेला माणूस परत येईपर्यंत मूळ घराने त्याची जागा नावातच राखून ठेवली. मुदतीच्या गटातून कोणी परत गेले, तर तिथे मात्र अशी जागा राखण्याची रीत नाही.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे याच स्पर्धामालिकेच्या मतमोजणीतल्या गैरप्रकारांनी झाकोळली आणि तिच्यातून निघालेले पुढचे दोन गट त्यात सापडले. २०१९ च्या एक्सवनला अडीच वर्षे पूर्णवेळ आणि पुढची अडीच वर्षे मूळ एजन्सीच्या कामासोबत, असा पाच वर्षांचा करार देण्यात आला होता. कागदावर तरी मुदतवाढ आधीच लिहून ठेवण्याचा तो प्रयत्न होता, पण ऑगस्टमध्ये सुरू झालेला गट पुढच्या जानेवारीतच मोडला. बाराजणींचा आयझवन त्या वादळातून वाचला आणि अडीच वर्षे पूर्ण करून एप्रिल २०२१ मध्ये थांबला. त्याच्या चाहत्यांनी मात्र स्वस्थ न बसता ‘समांतर विश्व’ या नावाने निधी उभारला. तो तीन अब्ज वॉनच्या वर गेला. गट पुन्हा सुरू करण्यासाठी हे पैसे होते, पण बोलणी फिसकटली आणि ते देणगीदारांना परत करावे लागले. चाहत्यांची इच्छा आणि चाहत्यांचे पैसे ही दोन्ही तयार असली, तरी इतक्या एजन्सींची संमती त्यांतून विकत घेता येत नाही, एवढे त्यातून कळले.

ही सगळी जमाखर्चाची वही समोर असताना २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘गर्ल्स प्लॅनेट ९९९’ सुरू झाले, ज्या टीव्ही स्पर्धेतून केप्लर निघाला. कोरिया, चीन आणि जपान या तीन देशांतून प्रत्येकी ३३ अशा ९९ मुली, त्यांतून नऊ निवडायच्या आणि मते अ‍ॅपवरून द्यायची, अशी रचना होती. कोरियातली मते आणि जगातली उरलेली सर्व मते यांना समान वजन दिले गेले, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात मोबाइल घेऊन बसलेल्या एखाद्या मुलीचे मतही त्या दुसऱ्या अर्ध्या भागात मोजले जात होते. २२ ऑक्टोबरच्या अंतिम भागात नऊ नावे ठरली. डिसेंबरमध्ये ठरलेले पदार्पण कोरोनामुळे पुढे ढकलून ३ जानेवारी २०२२ रोजी करण्यात आले. गटाच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘एल’च्या जागी १ हा आकडा घातलेला आहे आणि त्याचा अर्थ नऊ मुली मिळून एक, असा सांगितला गेला. हा आकडा पुढे फार बोचला.

वादाचा खरा गाभा मात्र एका शब्दात आहे आणि त्याला थोडा वेळ दिला पाहिजे. जे झाले त्याला म्हणायचे काय? कोरियन बातम्यांत दोन शब्द आलटून पालटून येत राहिले. ‘योनजांग’ म्हणजे मुदतवाढ आणि ‘चेग्येयाक’ म्हणजे नव्याने केलेला करार. मराठीत आपण हे दोन शब्द भाडेपट्ट्याच्या बाबतीत सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण इथे त्यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. मुदतवाढ म्हटले की जुनाच गट पुढे चालला असा अर्थ होतो, आणि मग त्यातून दोघी ‘वगळल्या’ गेल्या असे ऐकू येते. नवा करार म्हटले की जुना करार नऊही जणींसाठी सारखाच संपला आणि त्यानंतर सातजणींनी दुसरा केला, असे चित्र उभे राहते, ज्यात कोणी कोणाला काढलेले नसते आणि कोणी कोणाला सोडलेले नसते. वस्तुस्थितीला दुसरा शब्द अधिक जवळचा आहे. तरीही मथळ्यांना पहिला शब्द आवडला, कारण मुदतीच्या गटाने पहिल्यांदाच मुदत ओलांडली, ही बातमी त्याच शब्दात बसत होती.

चाहत्यांनी आपला तिसरा शब्द काढला, तो म्हणजे ‘ओटी-नऊ’. ‘वन ट्रू’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपुढे सदस्यसंख्या जोडायची आणि तोच एकमेव खरा गट मानायचा, हा प्रघात चाहत्यांमध्ये फार जुना आहे. मे २०२४ पर्यंत केप्लरच्या बाबतीत तो शब्द निरुपद्रवी होता, कारण दुसरा आकडाच नव्हता. निवेदनानंतर मात्र ‘ओटी-सात’ हा शब्दही वापरात आला आणि दोन्ही शब्द बाजू सांगणारे झाले. नऊ म्हणणाऱ्यावर सातजणींच्या कष्टांना किंमत न दिल्याचा आणि सात म्हणणाऱ्यावर दोघींना विसरल्याचा आरोप होऊ लागला. नऊ हा आकडा इतका घट्ट का चिकटावा, याचे उत्तर स्पर्धेतच आहे. इतर गटांत किती सदस्य असावेत हे एजन्सी ठरवते, इथे ते प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे मत देऊन ठरवले होते. अंतिम निकालात सहाव्या आणि आठव्या क्रमांकावर आलेल्या दोघी नव्या करारात नव्हत्या. म्हणजे चाहत्याच्या दृष्टीने गटातून केवळ दोन माणसे कमी झाली नाहीत, तर त्याने दिलेला निकालच मागाहून खोडला गेला.

त्या दोघी एकाच मूळ एजन्सीच्या होत्या, ही बाब भावनेच्या भरात मागे पडली. दोघींनी स्वतंत्रपणे मन बदलल्याचा प्रकार हा नव्हता. एका एजन्सीशी करार जुळला नाही आणि तिच्या दोन्ही सदस्य मूळ खात्यात परतल्या. रोष तरीही कधी सातजणींवर, कधी दोघींवर निघाला, ते अन्यायाचे होते असे या लेखकाचे मत आहे. ज्यांच्या सह्यांनी हे ठरले त्या कचेऱ्यांना तोंड नसते आणि राग नेहमी ओळखीच्या चेहऱ्याकडे वळतो.

निवेदनानंतर काही दिवसांतच, ३ जूनला, गटाचा पहिला पूर्ण कोरियन अल्बम आला. तो आधीच मागवून ठेवलेल्यांना हाती पडण्यापूर्वी कळले की नऊ चेहऱ्यांचा हा शेवटचा कोरियन अल्बम आहे. फोटोकार्डे, म्हणजे अल्बमसोबत मिळणारी सदस्यांची छोटी छायाचित्रे, जपणाऱ्यांच्या वहीत प्लॅस्टिकचे एक पान असते, त्यावर तीन ओळींत तीन तीन असे नऊ कप्पे असतात. केप्लरसाठी ते पान जणू मापून शिवलेले होते. ठाण्यात राहणाऱ्या माझ्या भाचीने त्या अल्बमची कार्डे अदलाबदल करून, दोनदा टपालखर्च भरून, नऊ पूर्ण केली आणि ते पान वहीच्या अगदी शेवटी सरकवून ठेवले. नंतरच्या अल्बमची सात कार्डे तिने लावली तेव्हा मधली ओळ भरून दोन कप्पे तळाशी राहिले. ते रिकामे का, असे विचारल्यावर तिने, रिकामे नाहीत, एवढेच सांगितले.

जुलै २०२४ मधले जपानमधले कार्यक्रम नऊजणींनी मिळून केले. त्यानंतर परतलेल्या दोघींनी सप्टेंबरमध्ये मेडइन या नव्या गटातून पुन्हा पदार्पण केले आणि सातजणींचा पहिला अल्बम १ नोव्हेंबरला आला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचा आणखी एक अल्बम निघाला. या काळात जुनी गाणी मंचावर सादर करताना नऊजणींसाठी बसवलेल्या नाचाच्या रांगा सातांत बसवाव्या लागल्या आणि दोघींच्या ओळी इतरांनी गाव्या लागल्या. जुन्या चाहत्याला त्या ओळींवर अजूनही मूळचाच आवाज ऐकू येतो. नव्या चाहत्यांची संख्याही वाढत गेली. ज्यांनी हा गट सातांचाच पाहिला, त्यांना १ या आकड्यामागचे नऊ कुठून आले ते सांगावे लागते.

२०२३ च्या जुलैमध्ये झीरोबेसवन या मुलांच्या गटाने पदार्पण केले, तोही मतदानातून आलेला, तोही नऊ जणांचा आणि तोही अडीच वर्षांच्या मुदतीचा. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यातले निवेदन त्या गटाच्या चाहत्यांनीही ओळीनओळ वाचले आणि आपल्या नऊ जणांच्या मूळ एजन्सी कोणकोणत्या, याची मोजणी तेव्हापासूनच सुरू केली.