ठोकलेली सुरी आणि घासलेली सुरी: एका समजाचा खुलासा

इंदूरच्या मराठी घरांत विळी किंवा सुरी घेताना ‘लोहाराने ठोकलेलीच घ्या, पट्टी कापून घासलेली टिकत नाही’ असे आजही सांगितले जाते, आणि घणाच्या घावांनी पोलाद दाबले जाऊन घट्ट होते, असे त्याचे कारण दिले जाते. हे कारण चुकीचे आहे. ठोकल्याने पोलादाचा आकार बदलतो, घनता नव्हे. शिवाय कारखान्यातून येणारी पट्टी मुळातच तापवून, रुळांखाली लाटलेली असते.

धार टिकणे हे मुख्यतः पोलादाची जात, धारेचा कोन आणि पात्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून झटकन थंड करण्याची प्रक्रिया, यांवर ठरते. साध्या, जास्त कार्बनच्या पोलादाचे पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात झटकन थंड केले की ते कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते; मग सुमारे २०० अंशांवर तास-दोन तास ठेवून तो ठिसूळपणा उतरवावा लागतो. उलट, भट्टीत पाते फार वेळ पिवळेधमक तापत राहिले, तर आतले कण मोठे होतात आणि ते पुन्हा बारीक करून न घेता पाणी दिले, तर ठोकलेले पातेच आधी तुटते.

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. जुन्या भट्ट्यांतल्या लोखंडात मळी, म्हणजे खनिजातली वितळलेली घाण, राहत असे, ती ठोकूनच काढावी लागे. आज घडाईचा खरा लाभ म्हणजे गाडीच्या जाड कमानपाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) पात्याच्या जाडीला हवा तो उतार काढता येतो आणि माल कमी वाया जातो.

घासणाऱ्याचा दोषही वेगळाच असतो: पाणी दिलेले पाते सहाणचक्रावर तापून निळसर झाले, की तेवढी धार मऊ पडते.