हृदयसंशोधनातल्या उन्हाळी शागिर्दीची पार्श्वभूमी

झेब्राफिश हा जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. त्याचं अंडं पारदर्शक असतं. फलन झाल्यावर साधारण एका दिवसात आतलं हृदय धडधडू लागतं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की ते थेट दिसतं. अमेरिकेत दर उन्हाळ्यात पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली कितीतरी मुलं अशाच एखाद्या हृदयापाशी संशोधनाचे पहिले धडे गिरवतात. मुक्काम आठ-दहा आठवड्यांचा. एक मार्गदर्शक, स्वतःचा एक छोटा प्रश्न, शेवटी पोस्टर लावून सादरीकरण, आणि या सगळ्यासाठी विद्यावेतन.

यातले बरेच कार्यक्रम खास काही मुलांसाठी आखले गेले: कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी, अपंग, गरीब घरातली, किंवा घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. भारतीय वंशाची मुलं केवळ वंशाच्या निकषावर यात बसत नसत, कारण तिथल्या प्रयोगशाळांत ती आधीपासूनच भरपूर होती.

अशा वेगळ्या दाराची गरज का पडली, हे समजून घ्यायचं तर मला व्हिव्हियन थॉमस यांच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. नॅशव्हिलमध्ये वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा सुतारकाम करून वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवत होता. १९२९ची मंदी आली, काम गेलं, पुढे बँक बुडाली आणि साठवलेली पुंजीही गेली. १९३०मध्ये तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. कागदोपत्री त्याचा हुद्दा सफाई कामगाराचा होता. करत मात्र होता तो संशोधन.

१९४१मध्ये दोघं बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये आले. जन्मतः हृदयात दोष असल्याने ज्यांचे ओठ-नखं निळी पडतात, अशा बाळांना वाचवण्याची कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांनी मांडली. ती प्रत्यक्षात कशी आणायची, हे थॉमसनी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून शोधून काढलं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉक यांनी सव्वा वर्षाच्या आयलीन सॅक्सनवर ती शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे एका स्टुलावर उभे राहून पुढची पायरी सांगत होते. पुढे कित्येक नामवंत शल्यविशारद त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९७६मध्ये हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तीही वैद्यकशास्त्राची नव्हे, कायद्याची! हा माणूस प्रयोगशाळेत पोचला तो निव्वळ योगायोगाने. त्याच्यासारखे किती जण पोचलेच नाहीत, याची मोजदाद कोण करणार?

इकडे सरकारी पैसा हृदयाकडे वळला १९४८मध्ये. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. त्याच वर्षी मॅसेच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ लोकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांच्या धोक्याबद्दल आज आपण जे सहज बोलतो, त्यातलं बरंचसं तिथून आलं. पण ते लोक जवळजवळ सगळे गोरे होते. १९८५मध्ये आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या अहवालाने आकडाच समोर ठेवला: अल्पसंख्याक समाजांत दरवर्षी सुमारे ६०,००० मृत्यू जास्तीचे होत होते आणि त्यांच्या प्रमुख कारणांत हृदयविकार आणि पक्षाघात होते.

जॅक्सन हार्ट स्टडी हे त्याला मिळालेलं सगळ्यात भरीव उत्तर, असं माझं मत आहे. २००० ते २००४ या काळात मिसिसिपीत ५,३००हून अधिक कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष त्यात सहभागी झाले. ही नुसती रक्ताचे नमुने घेण्याची योजना नव्हती. टुगालू या ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण केंद्रही उभं राहिलं. ज्यांच्या हृदयाचा अभ्यास चालला होता, त्यांच्याच समाजातली मुलं संशोधक म्हणून घडू लागली.

आणि अशा अभ्यासाचा फायदा एकाच समाजापुरता राहत नाही. २००६मध्ये एका मोठ्या हृदय-अभ्यासातल्या ३,३६३ कृष्णवर्णीयांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या २.६ टक्के लोकांत पीसीएसके९ या जनुकात असा बदल होता, की त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होता. त्या धाग्यावरून पुढे आलेली कोलेस्टेरॉल कमी करणारी इंजेक्शनं आज भारतातही दिली जातात.

उन्हाळी प्रशिक्षणाचा साचा मात्र याआधीच तयार होत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १९७०च्या दशकात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ‘मार्क’सारखे कार्यक्रम आणले. १९८७मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने सर्वच विद्यार्थ्यांसाठी ‘आरईयू’ हा पदवीच्या काळात संशोधनाचा अनुभव देणारा कार्यक्रम काढला. एनआयएचच्याच हृदय-फुप्फुस-रक्त संस्थेनेही अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला अनुदानं दिली. यात विद्यावेतनाला दुय्यम समजू नये. गरीब घरातल्या मुलाला सुट्टीत कमवावंच लागतं. बिनपगारी संशोधन त्याला परवडत नाही आणि प्रयोगशाळेचा अनुभव नसेल तर पीएचडीचं दार जड होतं. पुढेही वाट सोपी नसतेच: शिक्षण, प्रशिक्षण, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध असे इतर घटक जमेस धरूनही एनआयएचचं अनुदान मिळण्याची शक्यता कृष्णवर्णीय संशोधकांसाठी गोऱ्यांपेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी असल्याचं २०११मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाने छापलं.

२०२५मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या धोरणानुसार एनआयएचने विविधतेसाठीचे अनेक प्रशिक्षण कार्यक्रम गुंडाळले. त्यात ‘मार्क’ही गेला.