घोड्याचे रेत थंडीत टिकवायला इतकी वर्षे का लागली?

गोठवलेले रेत वापरून गाय गाभण करणे हे आज कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यातले रोजचे काम. घोडीचे तसे नाही. खरे तर कृत्रिम रेतन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते घोड्यांवरच. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इल्या इव्हानोव्ह यांनी ते करून दाखवले, पण ताज्या रेतावर.

1949 मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलचा गुण सापडला: ते मिसळले की कोंबड्याचे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहत. वळूच्या रेतालाही ते लगेच लागू पडले. घोड्याच्या बाबतीत 1957 उजाडले. त्या वर्षी कॅनडात बार्कर आणि गँडियर यांनी घोडी गाभण राहिल्याचे नोंदवले, तेही वृषणालगतच्या नलिकेतून काढलेल्या शुक्राणूंवर.

मला यामागचे मोठे कारण निवडीत दिसते. ज्या वळूचे रेत गोठवणे सोसत नाही, तो पैदास केंद्रातून बाद होतो. घोडा मात्र वेग, उडी आणि रूप पाहून ठेवला जातो. रेत कसेही असो, मालक त्याला सोडत नाही. त्यामुळे दोन घोड्यांच्या रेतात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी यश आले ते नुसते थंड करण्यात. 1975 मध्ये अमेरिकेत केनी यांनी साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि ग्लुकोज यांचे साधे मिश्रण रूढ केले. दुधातली प्रथिने शुक्राणूच्या आवरणाला सांभाळतात. खरी अडचण होती 19 ते 8 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात. इथे आवरणातली स्निग्ध द्रव्ये घट्ट होऊ लागतात. घाईने थंड केले, तर सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू गोल गोल फिरताना, कधी उलटे पोहताना दिसतात. असे रेत वाया गेले म्हणून समजावे. मिनिटाला 0.05 अंश या गतीने उतरायचे, तर एवढ्या 11 अंशांनाच साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. 1980 च्या दशकात आलेल्या उष्णतारोधक पेट्यांनी हे काम विजेशिवाय केले. सुमारे 5 अंशांवरचे रेत दुसऱ्या दिवशी दूरच्या घोडीपर्यंत पोचू लागले. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या नोंदणीला मात्र आजही नैसर्गिक संयोगच लागतो, म्हणून पुण्याजवळच्या रेसच्या घोड्यांच्या स्टड फार्मना याचा उपयोग नाही.

गोठवण्याची वाट अधिक खडतर. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रेतातला बराचसा द्रव काढायचा, अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असलेले माध्यम घालायचे, ते अर्ध्या मिलिलिटरच्या बारीक नळ्यांत (स्ट्रॉ) भरायचे आणि त्या द्रव नायट्रोजनच्या वाफेवर गोठवून उणे 196 अंशांवर ठेवायच्या. वितळवल्यावर हे शुक्राणू फार काळ तग धरत नाहीत, म्हणून बीज सुटण्याची वेळ अचूक गाठावी लागते. 1980 नंतर घोडीची सोनोग्राफी रूढ झाली, तेव्हा कुठे हे जमू लागले. त्यासाठी काही ठिकाणी दर सहा तासांनी, रात्रीही, घोडी तपासतात.

भारतात राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे तंत्र देशी जातींसाठी वापरते. आपल्या भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच मान्यता मिळाली आहे. तिच्या निवडक नरांचे रेत तरुणपणीच गोठवून ठेवायला हवे. वय वाढले की शुक्राणूंची प्रत घसरते आणि मग नायट्रोजनची टाकी असूनही तिच्यात ठेवण्याजोगे रेत मिळत नाही.