स्क्रीन काळी पडली: दोष ड्रायव्हरचा की कार्डाचा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवरचा संगणक वर्षभर उघडलाच नाही, तर आतल्या पंख्यांवर पिवळट थर बसलेला असतो. मग हिशेब करता करता स्क्रीन काळी होते. दुरुस्तीवाल्याचा पहिला सल्ला ठरलेला: ‘विंडोज नवीन टाकू.’ बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते. स्क्रीनवर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड की ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, यांत दोष कुठे आहे ते शोधायचं.

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं. तिथे विंडोजचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो. त्यामुळे तिथेही रेघा किंवा ठिपके दिसले, तर ड्रायव्हर निर्दोष सुटला. केबल, मॉनिटर आणि कार्ड पाहा. पण उलट खरं नाही. बायोस स्वच्छ दिसला तरी कार्ड बिघडलेलं असू शकतं, कारण तिथे त्याच्यावर भारच नसतो.

दिलेलं काम कार्डाने साधारण 2 सेकंदांत आवरलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 4101 क्रमांकाची नोंद दिसते ती याचीच. स्क्रीन काळीच राहिली, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून पाहा.

अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. ते बटण पुसट असेल, तर परत जायला जुना ड्रायव्हर उरलेला नाही. अशा वेळी कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून योग्य ड्रायव्हर आणि डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) हे जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं, फुकट मिळणारं साधन उतरवून ठेवा. मग नेट तोडा. हे हमखास राहून जातं, आणि जुना ड्रायव्हर निघताच विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा बसवून मोकळं होतं. शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा, डीडीयूने जुना ड्रायव्हर काढा आणि नेहमीच्या विंडोजमध्ये येऊन नवा टाका.

एवढं करूनही 4101 येतच राहिलं, तर झाकण उघडा. अर्थात प्लग काढून. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. कार्ड काढून सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा चुरा झटका आणि कार्ड खटका लागेपर्यंत बसवा. मोठ्या कार्डाला मदरबोर्डावरच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, 8 पिनच्या जोडणीतून आणखी 150. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, दुबळा असेल तर ऐन भाराच्या वेळी वीज कमी पडते आणि आळ ड्रायव्हरवर येतो. शक्य असेल तर दुसरा, चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहा. शेवटी मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डाला नाही.