पुराचं नुकसान आधीच मोजायचं गणित आलं कुठून

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री नेदरलँड्समध्ये समुद्राचे बांध फुटले आणि १८३६ माणसं गेली. तोवर बांधाची उंची ठरवायची पद्धत साधी होती, मागचा सगळ्यात मोठा पूर जिथवर आला त्याच्या थोडं वर. नंतर पुरापासून बचाव कसा करायचा हे ठरवायला डेल्टा कमिशन नेमलं गेलं आणि त्यांच्यासाठी डेव्हिड व्हॅन डँट्झिग या गणितज्ञाने १९५६ मध्ये मांडलं की बांध वाढवायचा खर्च आणि त्याने टळणारं नुकसान एकाच हिशोबात धरा. मला तरी इथूनच खरी सुरुवात झाली असं वाटतं.

पण नुकसान मोजायचं कसं? त्यासाठी डेप्थ-डॅमेज कर्व्ह आला, म्हणजे घरात पाणी घोट्याएवढं असेल तर एवढं नुकसान, कमरेएवढं असेल तर तेवढं, ब्रिटनमध्ये १९७७ ला असे तक्ते पुस्तकरूपात आले.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती, की उद्याचा पाऊस कालच्यासारखाच असणार. तापमान वाढायला लागलं तसं ते गृहीतकच डळमळलं, मग 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर किती वर्षांनी येईल हे जुन्या नोंदींवरून सांगणार कसं?

आपल्याकडे पुढच्या पुराचं नुकसान मोजायचं हे गणित मुंबईवर करून बघितलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही, आता जागतिक क्लायमेट मॉडेलचा एकेक चौकोन शंभर-दीडशे किलोमीटरचा, त्यात ही दोन्ही ठिकाणं एकच दिसतात, त्यामुळे मॉडेलमधला पाऊस आधी छोट्या छोट्या भागांपुरता काढून घ्यावा लागतो आणि मग पाणी कुठे साचेल, तिथे काय काय आहे हे बघायचं. २०१० मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात निघालं की २०८० च्या दशकापर्यंत २००५ सारख्या पुराची शक्यता दुपटीहून जास्त होऊ शकते आणि शतकातून एकदा येणाऱ्या पुराचं नुकसान तिप्पट. झोपडीतलं सगळं वाहून गेलं तरी रुपयांत ते थोडंच भरतं, ही या आकड्यांची मोठी उणीव आहे आणि ती मला फार खुपते.

त्याच अभ्यासात असंही आहे की ड्रेनेज सुधारलं तर त्या वेळच्या हवामानात शतकातून एकदा येणाऱ्या पुराचं नुकसान ७० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. आणि नाल्यांची क्षमता तासाला २५ वरून ५० मिमी करा हे मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितलं होतं, २००५ चा पाऊस आला तेव्हा त्यातलं बरंचसं काम व्हायचंच होतं.