अर्ध्या इंचाची काळी जहाजे

सागरी युद्धाच्या पटखेळातली सोंगटी हातात घ्या. चौकोनी पुठ्ठ्यावर जहाजाचे नाव, खाली दोन-तीन आकडे आणि मध्ये बाजूने दिसणारी काळी छायाकृती. आज घरच्या संगणकावर अशा आकृती काढणारे हौशी चित्रकार याला ‘जुनी शैली’ म्हणतात. पण तिचा जन्म सजावटीसाठी झालेला नाही. मुळात हे टेहळ्याचे हत्यार होते.

क्षितिजावरच्या जहाजाचा रंग कळत नाही, ध्वज दिसत नाही. दिसते ती फक्त कड. धुराडी किती, डोलकाठ्या कुठे, तोफांचे बुरूज पुढे किती आणि मागे किती, एवढ्यावरून शत्रू की मित्र ते ठरवायचे. फ्रेड टी. जेन या इंग्रज चित्रकार-पत्रकाराने 1898 मध्ये जगभरच्या युद्धनौकांची सचित्र सूची काढली ती याच गरजेपोटी. त्याच वर्षी त्याने आपला नौदल-युद्धखेळही बाजारात आणला. त्यात जहाजाचे बाजूने काढलेले, चौकटींत विभागलेले चित्र हेच लक्ष्य असे. खेळाडू टाचणी बसवलेल्या काठीने त्यावर टोचा मारायचा, आणि टोचा जिथे पडेल तिथे गोळा लागला असे धरायचे. म्हणजे ओळखसूची आणि खेळ एकाच माणसाच्या टेबलावर वाढले. या शैलीचे सगळे गोत्र मला तरी तिथेच सापडते.

कडेवरून ओळखताना चूक झाली तर काय होते, याचे सर्वांत कडू उदाहरण 24 मे 1941 चे आहे. डेन्मार्क सामुद्रधुनीत ब्रिटिश युद्धनौका ‘हूड’ने सुमारे 24 किलोमीटरवरून मारा सुरू केला तो पुढच्या जर्मन जहाजावर. ती हवी असलेली मोठी युद्धनौका ‘बिस्मार्क’ नव्हती, तिच्याहून लहान क्रूझर ‘प्रिन्झ ऑयगन’ होती. लांबीत जवळजवळ 40 मीटरचा फरक, पण एक धुराडे, पुढे दोन बुरूज, मागे दोन, नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, उतारही तसाच. काही मिनिटांतच ‘हूड’ बुडाली. 1,418 जणांपैकी तिघे वाचले. दोनच दिवसांनी ब्रिटिश विमानांनी आपल्याच ‘शेफील्ड’ जहाजाला ‘बिस्मार्क’ समजून तिच्यावर पाणतीर (टॉर्पेडो) सोडले. नशीब, एकही लागला नाही.

युद्धानंतर ही काळी चित्रे पटावर टिकली त्यात छपाईचा वाटा मोठा. रंगीत पुठ्ठ्यावर एकच काळी शाई स्वस्त पडते. पुठ्ठ्याचा रंग देश सांगतो, आकृती जहाज सांगते. जॉन एडवर्ड्स यांचा ‘वॉर ॲट सी’ हा पटखेळ 1975 मध्ये ऑस्ट्रेलियात आला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत ॲव्हलॉन हिल या खेळ-कंपनीने तो काढला आणि 1977 मध्ये त्याच धर्तीवर पॅसिफिक महासागराचा ‘व्हिक्टरी इन द पॅसिफिक’ आला. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेक खेळाडूंच्या मनातली ‘खरी’ युद्धनौका या सोंगट्यांवरचीच.

नव्याने काढायला बसले की मोजमापच आडवे येते. सोंगटीची बाजू अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यात 251 मीटरची ‘बिस्मार्क’ बसवायची तर प्रमाण साधारण 1:20,000 पडते. तोफेची नळी मीटरभर जाड धरली तरी कागदावर ती 0.05 मिलिमीटर, म्हणजे छापली की गायब. म्हणून नळ्या जाड करायच्या, डोलकाठ्या दोन-तीन पट फुगवायच्या, कठडे आणि दोरखंड सरळ उडवायचे. धुराडे आणि मनोरा यांच्यातली फट मात्र बुजू द्यायची नाही. जहाजाची ओळख बहुतेकदा त्या फटीतच असते. विनाशिका (डिस्ट्रॉयर) खऱ्या प्रमाणात काढली तर जेमतेम पाच मिलिमीटरची होईल, त्यामुळे तिलाही ताणून सोंगटीभर करावे लागते. प्रमाण मोडले म्हणून कुरकुरणारे भेटतात. त्यांनी खुशाल मोठ्या सोंगट्या वापराव्यात.

आकृती खाली सपाट कापलेली असते तीही पाणरेषेवर. टेहळ्याला पाण्याखालचे कधी दिसतच नव्हते. इंकस्केपसारख्या संगणकावरच्या चित्रप्रणालीत जहाजाचा आराखडा खाली ठेवून वरून कड गिरवणारे नवशिके हटकून तळ आणि पाण्याखालचे पंखेही (प्रोपेलर) काढतात, आणि मग ते चित्र युद्धनौकेचे न दिसता गोदीत चढवलेल्या बोटीचे दिसते.